धान्याच्या पिंपात सेल्फॉस टाकायला सांगणाऱ्या त्या मेसेजबद्दल

परवा आत्याचा दापोलीहून फोन आला. “अरे, एका पिंपाला एक गोळी पुरे, की दोन टाकू?” कसली गोळी, म्हणून विचारलं, तर सेल्फॉसची, धान्यातली कीड मारायची. कुटुंबाच्या ग्रुपवर आलेला मेसेज वाचून तिने शेजारच्या मुलाकडून चार सुट्या गोळ्या मागवल्या होत्या. त्या वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून फडताळात, मिठाच्या बरणीशेजारी ठेवलेल्या.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. युद्ध होवो की वादळ, 90 दिवस वीज नसेल असं समजून घर सज्ज ठेवा, असं त्यात म्हटलंय. प्रत्येक पिंपात सेल्फॉसची एक गोळी टाका, तीन महिन्यांचं पीठ दळून ठेवा, 150 एएचच्या (अँपिअर-तासांच्या) एका बॅटरीवर फ्रिजसकट घर तीन दिवस चालतं, जनरेटर ओटीवर ठेवून खिडकी उघडी ठेवा, 50 लिटर पेट्रोल साठवा, छपरावर सोलर असेल तर निर्धास्त राहा. खाली हात जोडलेले आणि ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा’.

आधी गोळीचं बोलतो, कारण बाकीच्या बहुतेक चुकांनी पैसे जातील, हिने माणूस जाईल. सेल्फॉस म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. त्याला ओलावा लागला की फॉस्फिन वायू सुटतो. ओलावा म्हणजे पाणीच ओतायला हवं असं नाही, कोकणातली जूनची हवा पुरते. हा वायू फुफ्फुसांवर आणि हृदयावर जातो आणि त्यावर उतारा नाही. डॉक्टरांच्या हातात रुग्णाचा श्वास आणि रक्तदाब सांभाळणं एवढंच उरतं. वास लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा येतो म्हणतात. ज्या घरात सुकट-बोंबलाचे डबे भरलेले आहेत, तिथे तो कोणाला वेगळा कळणार? आत्याची पिंपं माजघरात आहेत आणि नातू त्यांच्याच शेजारी गादी घालून झोपतो.

“पण सरकारी गोदामात हेच तर वापरतात,” असं ग्रुपवर एका काकांनी लिहिलं. वापरतात, खरं आहे. पण तिथे पोत्यांच्या थप्पीवर जाड कव्हर घालून कडा बंद करतात, टनाला साधारण तीन गोळ्या ठेवतात, आठवडाभर तिथे कोणी राहत नाही आणि नंतर हवा खेळवूनच आत जातात. 50 किलोच्या पिंपात एक गोळी म्हणजे टनाला 20 झाल्या. शिवाय केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या मर्यादित वापराच्या कीटकनाशकांच्या यादीत हे औषध आहे. सरकारी संस्था किंवा पेस्ट कंट्रोलवाले, तेही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, एवढ्यांनाच ते वापरता येतं. 3 ग्रॅमच्या 10 आणि 20 गोळ्यांच्या नळ्यांवर तर 2001 सालीच पूर्ण बंदी आली. ही यादी मी ग्रुपवर टाकली. त्यावर काकांचं उत्तर आलं नाही, पण मेसेजही त्यांनी काढलेला नाही, आणि याचाच मला राग आहे.

आत्याला म्हटलं, पुडीला पाणी लावू नकोस, उघडू नकोस, मुलांना लांब ठेव, कोरड्या हाताने ती घराबाहेर उघड्या हवेत, गुरं-कोंबड्या जाणार नाहीत अशा जागी ठेव आणि कृषी कार्यालयात फोन कर. दुसऱ्या दिवशी तिथला माणूस घेऊन गेला. तिच्या सासूबाई कडक उन्हात वाळवलेलं धान्य गार झाल्यावर पिंपात भरायच्या आणि वर बिब्बे टाकायच्या. कडधान्य राखेत ठेवायच्या. यंदाही तसंच भरलंय.

पिठाच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. घरात तांदूळ होते, पण चक्की बंद, म्हणून भाकरी नाही. पण तीन महिन्यांचं पीठ पावसाळ्यात टिकत नाही, जाळी धरतं, खवट होतं. पंधरा दिवसांचं ठेवा. आगोटची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी कोकणात पूर्वापार आहे, ती मेसेजने शिकवायला नको.

बॅटरीचं गणित शाळेतलं आहे. 12 व्होल्ट गुणिले 150 म्हणजे 1800 वॅट-तास, आणि हातात पडतात त्यातले बाराशेच्या आसपास. एक फ्रिजच दिवसाला साधारण एक युनिट, म्हणजे 1000 वॅट-तास खातो. फ्रिज बंद ठेवून दोन एलईडी दिवे आणि मोबाइल चार्जिंग केलं, तर तीन दिवस निघतील.

जनरेटर ओटीवर मुळीच नको. त्याच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि उघड्या खिडकीतून तो बाहेर जाण्याऐवजी आतच येतो. दारं-खिडक्यांपासून निदान 20 फूट लांब ठेवायचा, हा नियम आहे. पेट्रोलही विनापरवाना 30 लिटरच्या वर ठेवता येत नाही, 1934 च्या पेट्रोलियम कायद्यात लिहिलंय.

सोलरचं तर उलटंच आहे. छपरावरचे बहुतेक संच ऑन-ग्रिड, म्हणजे विजेच्या लाइनला जोडलेले असतात, आणि लाइन गेली की तेही बंद पडतात. खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या छपरावरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून ते मुद्दाम तसे केलेले असतात. वीज गेल्यावरही दिवा हवा असेल तर बॅटरीवाला हायब्रिड संच लागतो.

आणि एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये पाण्याबद्दल एक अक्षर नाही. 2020 मध्ये आत्याकडे सगळ्यांत आधी अडलं ते पाणीच, कारण विहिरीवरचा पंप बंद होता. रहाट होता, पण दोर कुजलेला. तेव्हा शेजाऱ्यांच्या दोराने पाणी काढलं. शनिवारी जातोय, तेव्हा नवा दोर आणि एक पोहरा घेऊन जाणार आहे.