तबल्याला जागा आहे
मुंबईच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया या पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहिणाऱ्या आपल्या संगीतकारांवरचा लेख आवडला, पण 'सगळं कागदावर लिहिलेलं, मग तबलजीला उपज (आयत्या वेळी सुचेल ते वाजवणं) करायला जागाच उरत नाही' हे अजिबात पटलं नाही. तबलावादक झाकीर हुसेन, आपले झाकीरभाई, यांनी २०१५ साली याच वाद्यवृंदासाठी 'पेशकार' हा तबल्याचा कॉन्चेर्तो, म्हणजे एक सोलो वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना, रचला. त्यात व्हायोलिन, फुंकवाद्यं लिहिलेलं वाजवतात, तबला मात्र मोकळा खेळतो. नगमा, म्हणजे सोलोखाली पुन्हा पुन्हा वाजणारी ठरलेली धून, बांधलेला असतो म्हणूनच सोलोवाला निर्धास्त सुटतो ना!

सोलापुरात माझ्याकडे तबला शिकणाऱ्या मुलांना मी हे रेकॉर्डिंग मुद्दाम ऐकवतो. सगळी मान खाली घालून मात्रा मोजतात आणि समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, एकदम हात उचलतात. असा कार्यक्रम एकदा आमच्या हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहातही व्हायला हवा, मुंबईला जाणं प्रत्येकाला कुठे परवडतं?