दम लवकर परत येतो, हाडांना वेळ लागतो

पाऊस उघडला, दसरा झाला की कोल्हापुरात विद्यापीठाच्या आवारात आणि रंकाळ्यावर पहाटेची गर्दी वाढते. त्यातल्या कितीतरी जणांना पळणं नवीन नसतं. कुणी कॉलेजात असताना मैदान गाजवलेलं, कुणी पेठेच्या संघातनं फुटबॉल खेळलेलं, कुणी लॉकडाऊनच्या आधी एकवीस किलोमीटर आरामात मारलेलं. मग नोकरी, लग्न, बाळंतपण, घरातलं आजारपण, काहीतरी मधे आलं आणि बूट माळ्यावर गेले. सासऱ्यांच्या लांबलेल्या आजारपणानंतर मीही अशीच परत आले, त्यामुळं या मंडळींबद्दल मला फार आपुलकी आहे. आणि सगळ्यात जास्त काळजीही त्यांचीच वाटते.

नवशिका माणूस भीत भीत सुरुवात करतो. जुन्या पळणाऱ्याच्या डोक्यात मात्र त्याचं जुनं टायमिंग बसलेलं असतं. पहिले पंधरा दिवस धाप लागते, पाय जड वाटतात, तोवर तो गुमान हळू पळतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दम यायला लागतो, अंग हलकं वाटतं, आणि तो म्हणतो, ‘आलो की परत!’ माझं म्हणणं असं आहे की खरं जपायचं ते नेमकं इथून पुढं.

यामागचं कारण समजून घेतलं तर संयम ठेवणं सोपं जातं. व्यायाम थांबला की पहिल्यांदा रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, कमी होतो. मग एका ठोक्याला हृदय जितकं रक्त ढकलायचं तितकं ढकलत नाही, आणि त्याच वेगाला नाडी जास्त पळते. १९८४ साली कसलेल्या खेळाडूंचा सराव थांबवून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यांची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत ७ टक्क्यांनी उतरली आणि आठ आठवड्यांनंतर १६ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबली. पण यातला बराचसा भाग भरूनही लवकर येतो. सराव सुरू केला की प्लाझ्मा एक-दोन आठवड्यांतच वाढायला लागतो. म्हणून दम लवकर येतो.

स्नायूबंध आणि हाडं या वेगानं चालत नाहीत. पळताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. हाडाला नवा भार जाणवला की शरीर आधी तिथला जुना भाग पोखरून काढतं आणि मग तिथं नवं हाड भरतं. पोखरायचं काम काही आठवड्यांत होतं, भरायच्या कामाला मात्र महिने लागतात. म्हणजे मधल्या काळात ते हाड सुरुवातीपेक्षाही थोडं कच्चं असतं. रस्ता खणून ठेवलाय, डांबर अजून पडायचंय आणि त्यावरनंच उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या सोडल्या, असा तो प्रकार. दम आलेला असतो म्हणून आपण ट्रॉल्या वाढवत जातो, आणि खाली काय चाललंय ते दिसत नाही.

आमच्या ग्रुपातल्या एका भावाची गोष्ट सांगते. पूर्वी तालमीकडून फुटबॉल खेळलेला, अंगात रग भरपूर. बऱ्याच वर्षांनी आला आणि महिन्याभरात पुढच्या बॅचबरोबर पळायला लागला. आम्ही कौतुक केलं. मग नडगी दुखायला लागली. सुरुवातीला पळून झाल्यावर दुखायची, नंतर पळताना, मग जिना उतरताना. एका सकाळी कट्ट्यावर बसून त्यानं मोजा खाली सरकवला आणि घोट्याच्या चार बोटं वर, आतल्या बाजूला, एका बोटानं दाबलं. चेहरा कळवळला. आजूबाजूला दाबलं तर काही नाही, दुखत होती ती रुपयाएवढी जागा. तो म्हणाला, ‘एक्स-रे काढलाय, नॉर्मल आहे. अंगावर काढतो, जाईल.’

इथं बरेच जण फसतात. हाडाला ताणामुळं गेलेली बारीक चीर, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत बहुतेक वेळा दिसत नाही. नंतर एमआरआय केला तेव्हा त्याची दिसली. तेवढ्यावर थांबला म्हणून निभावलं. म्हणून हे पक्कं लक्षात ठेवा: मांड्या-पोटऱ्या सगळीकडून भरून आल्यासारख्या दुखतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतात आणि मग ओसरतात, ते दुखणं चालतं. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येतं, पळता पळता वाढत जातं, रात्री झोपेतही ठणकतं किंवा चाल लंगडी करतं, ते दुखणं घेऊन पळायचं नाही. एक्स-रे नॉर्मल आला तरी नाही. अशा वेळी खेळाच्या दुखापती बघणाऱ्या डॉक्टरांकडं जायचं.

आपल्या गावाला ही गोष्ट नवी वाटायला नको खरं तर. हे कुस्तीचं गाव आहे. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं, तालमींना आश्रय दिला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकचं ब्राँझ जिंकणारे खाशाबा जाधव याच गावात घडले. तालमीत आजारातून उठून आलेल्या पैलवानाला वस्ताद पहिल्याच दिवशी तगडी जोड देत नाही. आधी आखाडा खणायचा, जोर-बैठका काढायच्या, मग लहान पोरांबरोबर हलकी लढत. वस्ताद ‘आता लढ’ म्हणेपर्यंत पैलवान कितीही फुरफुरला तरी त्याला थांबायला लागतं. पळण्यात आपल्यापैकी बहुतेकांना वस्ताद नाही. हातावर घड्याळ आहे आणि मोबाईलमधे दुसऱ्यांचे आकडे आहेत. ते दोन्ही थांब म्हणत नाहीत.

मग सुरुवात कशी करायची? चालण्यानं. अर्धा-पाऊण तास भरभर चालून दुसऱ्या दिवशी कुठं दुखत नाही अशी स्थिती आली की एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं वीस-पंचवीस मिनिटं. एक दिवस पळणं, एक दिवस सुट्टी. वेग असा की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला, घड्याळ काहीही म्हणो. पळण्याची मिनिटं हळूहळू वाढवायची आणि एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. अंतर वाढवलं त्या आठवड्यात वेग नाही, चढ नाही. जेवढा मोठा खंड तेवढे हे दिवस लांबवायचे.

‘आठवड्याला दहा टक्के वाढवा’ हा नियम सगळे सांगतात. नेदरलँड्समधे नवशिक्या पळणाऱ्यांवर तो तपासून बघितला, २००८ साली तो अभ्यास छापून आला. दहा टक्क्यांनी हळूहळू वाढवणाऱ्या गटात आणि त्याहून भरभर वाढवणाऱ्या दुसऱ्या गटात दुखापतींचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, दोन्हीकडं पाचातला एक. २०२५ साली ५,२०० हून जास्त पळणाऱ्यांचा एक मोठा अभ्यास आला, तो मला जास्त पटला. त्यात आठवड्याच्या बेरजेपेक्षा एका दिवसाची उडी महत्त्वाची ठरली. मागच्या महिन्याभरातल्या सगळ्यात लांब पळण्यापेक्षा एखाद्या दिवशी दहा टक्क्यांहून जास्त पळलं की धोका वाढतो, आणि दुप्पट पळलं तर फारच. आपल्याकडं होतं ते नेमकं हेच. आठवडाभर कामामुळं जमत नाही, मग रविवारी ग्रुपबरोबर ‘चला, आज ज्योतिबा’. हुकलेला आठवडा रविवारी भरून काढायचा नसतो. तो सोडून द्यायचा.

ज्योतिबाचा विषय निघालाच आहे तर, पहिले काही महिने ज्योतिबा आणि पन्हाळ्याचा घाट दोन्ही लांबच ठेवा. चढाला धाप लागते म्हणून आपण आपोआप हळू होतो. उताराला धाप लागत नाही, म्हणून पाय सोडून देतो, आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंवर आणि गुडघ्यावर खरा मार तिथंच बसतो. विद्यापीठातल्या साध्या उतारालाही पावलं लहान ठेवा.

सुट्टीच्या दिवशी बैठका घाला. पायरीच्या कडेला उभं राहून टाचा वर-खाली करा, आधी दोन्ही पायांवर आणि जमायला लागलं की एका पायावर. पोटरी आणि टाचेचा बंध मजबूत करायला यासारखं दुसरं काही नाही, आणि खर्चही नाही. माळ्यावरचे बूट वर्षानुवर्षं पडून असतील तर आधी वाकवून बघा. सोलचा गोंद सुकतो, फोम कडक होतो. चौथ्या किलोमीटरला सोल हातात येण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

वजन उतरवायचं म्हणून परत येणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. एकाच वेळी पळणं सुरू आणि भाकरी बंद, असं करू नका. रात्रीचं जेवण सोडलेलं, सकाळी उपाशी पळणं, वर दिवसभर चहावर काढलेला, असं चाललं तर शरीर हाडं भरायचं काम मागं टाकतं. बायकांच्या बाबतीत हे जास्त दिसतं, कारण ताट आधी आमचंच कमी होतं. पळायला लागल्यावर पाळी अनियमित झाली किंवा थांबली तर ते खाणं कमी पडत असल्याचं लक्षण असू शकतं. ‘व्यायामानं होतं असं’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. गंगावेशीत कट्ट्यावर समोर काढलेलं म्हशीचं ताजं दूध मिळणाऱ्या गावात राहतो आपण. डाळ, उसळ, अंडी, दूध, जे घरात चालतं ते पोटभर खा. आणि बाळंतपणानंतर किमान १२ आठवडे पळायचं नाही असं यातले तज्ज्ञ सांगतात. त्यानंतरही ओटीपोट जड वाटत असेल, लघवी सुटत असेल तर लाजून गप्प न बसता फिजिओथेरपिस्टला भेटा. त्यावर इलाज आहे.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, बीपी किंवा शुगर असणाऱ्यांनी, तंबाखू-सिगारेटची सवय असणाऱ्यांनी, घरात कुणाला कमी वयात हार्टचा त्रास झालाय अशांनी वेग वाढवायच्या आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. नुसता बसून काढलेला ईसीजी चांगला आला म्हणजे सगळं चांगलं असं नसतं, गरज वाटली तर ते पुढच्या तपासण्या सांगतील. पळताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढं अंधारी, छातीत विनाकारण धडधड, यातलं काहीही झालं की तिथल्या तिथं थांबायचं आणि सोबतच्याला सांगायचं. ‘पित्त असेल’ म्हणून घरी जायचं नाही, थेट दवाखान्यात. तापात तर अजिबात पळायचं नाही. पावसाळ्यानंतर डेंग्यू, चिकुनगुन्या घरोघर असतो. ताप गेला तरी अंगातला थकवा जाईपर्यंत चालण्यावरच राहा. विषाणूच्या तापात कधी कधी हृदयाच्या स्नायूलाही सूज येते, आणि त्यावर जोर दिला तर जिवावर बेततं.

रस्त्याचं थोडक्यात सांगते. गळीत हंगाम सुरू झाला की पहाटे अंधारात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर येतात. कितीतरींना मागं दिवा नसतो, आणि ऊस बाहेर आलेला असतो. रस्त्याच्या उजव्या बाजूनं पळा, म्हणजे येणारी गाडी समोरून दिसते. चमकणारी पट्टी किंवा फिका शर्ट घाला, कानात काही घालू नका. कुत्री अंगावर आली तर पळू नका, चालायला लागा. आणि रंकाळ्यावर सकाळी आजी-आजोबा फिरायला येतात, तिथं वेगाचा सराव करू नये असं मला अगदी मनापासून वाटतं. तो रस्ता त्यांचा आहे.

शेवटचं आमच्या ग्रुपांबद्दल. परत आलेल्या माणसाला दुखापत होते त्यात आपलाही हात असतो. तो चालताना दिसला की आपण लांबून ओरडतो, ‘काय भावा, चालायलाईस व्हय? चल की!’ मनात प्रेमच असतं, पण तो लाजेनं पळायला लागतो. दुसऱ्या आठवड्यात आपण त्याला विचारतो, ‘हिवाळ्यात एकवीस करणार ना?’ आणि त्याची फी भरून टाकतो. एवढं करण्यापेक्षा प्रत्येक ग्रुपात एक मागची बॅच ठेवावी, जिच्यात चालणं हाच ठरलेला व्यायाम असेल. आणि तिच्याबरोबर रोज एक अनुभवी पळणारा राहावा, आळीपाळीनं. फोटोतही ती बॅच पुढं उभी करावी.

आम्ही विद्यापीठात अशी बॅच सुरू करतोय. रविवारी सकाळी सहाला, मुख्य इमारतीसमोर, शिवाजी महाराजांच्या पुतळ्याजवळ. चालणं-पळणं मिळून अर्धा तास, पैसे नाहीत, टी-शर्ट नाही. बायका एकट्या यायला कचरत असतील तर मला मेसेज करा, मी गेटवर घ्यायला येते. जुनं दुखणं, चालू गोळ्या, ऑपरेशन झालेलं असेल तर आल्या आल्या सांगा, आणि घरच्या एकाचा फोन नंबर खिशात चिठ्ठीवर लिहून आणा.