हसलेल्या सभासदांनी खुलासा करावा

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला खाली उतरलो, तर नोटीस बोर्डावर मी. नाव नव्हतं, फ्लॅट नंबर होता. पण आमच्याकडे नंबर हेच नाव. थकबाकीदारांच्या यादीशेजारी, लेटरहेडवर, शिक्क्यासकट: ‘काल गच्चीवरील सांस्कृतिक कार्यक्रमात फ्लॅट क्र. ४०२ चे सभासद एकूण १७ वेळा मोठ्याने हसल्याचे निदर्शनास आले आहे. सबब त्यांनी सात दिवसांत लेखी खुलासा करावा.’

मेंटेनन्स मी आजवर एकदाही थकवलेला नाही. गाडी रेषेच्या आत लावतो. आणि डोंबिवलीत वीस वर्षं काढून माझ्या नावावर पहिली नोंद कसली झाली, तर हसण्याची.

सांस्कृतिक कार्यक्रम म्हणजे ‘पीके’ हा हिंदी सिनेमा. त्यात परग्रहावरून आलेला पीके हरवलेलं लॉकेट शोधत फिरतो आणि देवाधर्माच्या नावावर चालणाऱ्या व्यवहारांबद्दल भोळे प्रश्न विचारतो. दरवर्षी कोजागिरीला मसाला दूध, भेळ आणि भेंड्या असतात. यंदा पोरांनी कुठून तरी प्रोजेक्टर आणला, पाण्याच्या टाकीवर पांढरी चादर ताणली आणि मत घेऊन सिनेमा ठरवला. सचिव म्हणजे १०१ चे अण्णा. त्यांनी विरोध नोंदवला.

“त्या पिक्चरवर बंदी होती ना हो?”

बंदी नव्हती. बाकी सगळं होतं. सुरुवात पोस्टरपासून. रुळांवर उभा आमिर खान आणि अंगावर एका ट्रान्झिस्टरखेरीज काही नाही. तेवढ्यावरून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. न आवडल्यास पाहू नका, अशा अर्थाचं बोलून कोर्टाने अर्ज निकालात काढला. हा इतका सोपा उपाय आपल्याकडे कुणालाच मानवत नाही. १९ डिसेंबर २०१४ ला सिनेमा लागला आणि पुढच्या दहा-बारा दिवसांत अहमदाबादेत थिएटरांची तोडफोड, ठिकठिकाणी पुतळे जाळणं, आपल्या राज्यात चौकशीची भाषा. तिकडे उत्तर प्रदेश आणि बिहारने तोच सिनेमा करमुक्त केला. एवढ्या गदारोळात त्याने देशात ३०० कोटींच्या वर गल्ला जमवला. मी तो जानेवारीत पाहिला तेव्हा दारात पोलिसांची गाडी होती आणि आत बंदोबस्ताला एक हवालदार. सुरुवातीला तो नियमाप्रमाणे पडद्याकडे पाठ करून आमच्यावर नजर ठेवून होता. मध्यंतरानंतर पाहतो तर टोपी मांडीवर घेऊन पायरीवर बसलेला, आणि आमच्याकडे त्याचं काडीचं लक्ष नव्हतं.

“तुम्ही पाहिलाय का अण्णा?”

“नाही. म्हणून तर निःपक्षपातीपणे बोलू शकतो.”

“दिग्दर्शक आपल्या नागपूरचे आहेत, राजकुमार हिरानी.”

“नागपूरचे? मग तर त्यांना कळायला हवं होतं.”

शेवटी अण्णांनी अट घातली: सचिव या नात्याने ते स्वतः हजर राहतील आणि आक्षेपार्ह भागाची नोंद करतील. त्याप्रमाणे ते आले. स्वेटर, कानटोपी, मांडीवर सोसायटीची मिनिटबुकाची वही आणि पुढे बारीक दिवा असलेलं पेन. लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्यांपैकी नेमकी माझ्या डावीकडची खुर्ची रिकामी होती. त्यांच्या पलीकडे काकू, पर्समध्ये खडीसाखरेची डबी घेऊन.

पहिल्या पंधरा मिनिटांत एक अडचण उघड झाली. आमिर खान त्यात भोजपुरी बोलतो. अण्णांना भोजपुरी येत नाही. शिवाय स्पीकर गणपतीतला, त्यातून शब्दांपेक्षा धमक जास्त येते. मी पहिल्यांदा हसलो तेव्हा त्यांनी माझ्या कोपराला पेन टोचलं.

“काय म्हणाला तो?”

विनोद कानात पुन्हा सांगणं म्हणजे उतू गेलेलं दूध परत पातेल्यात भरणं. तरी सांगितलं. त्यांनी गंभीर चेहऱ्याने ऐकलं, वहीत ‘१’ असा आकडा टाकला आणि पुढे काहीतरी खरडलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी म्हणालो, “अण्णा, पुढचं निघून जातंय.”

“बरोबर आहे. मग असं करू. तुम्ही हसा, मी लिहितो.”

“म्हणजे?”

“तुम्ही हसलात, म्हणजे तिथे काहीतरी आक्षेपार्ह असणार. तुमच्यावर माझा विश्वास आहे.”

आयुष्यात असा विश्वास माझ्यावर कुणी टाकला नव्हता. बायकोसुद्धा माझ्या विनोदबुद्धीबद्दल साशंक असते. आणि इथे एक अख्खा सचिव माझ्या हसण्यावर धर्म जोखत बसला होता! त्यानंतर मी हसू आवरायला लागलो. हसू आवरलं की पोटातून ते दुप्पट होऊन वर येतं, हे शाळेत प्रार्थनेला उभं राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. खेचरासारखा आवाज निघाला. अण्णांनी लिहिलं, ‘९’, आणि खाली दोन रेघा मारल्या.

आता अण्णांचं स्वतःचं. शब्द कळत नसले तरी डोळे शाबूत आहेत. पीके देवळाबाहेर चपलांना साखळी घालून कुलूप लावतो, तिथे त्यांच्या नाकातून ‘फ्स्स’ असा आवाज आला. खांदे हलले. मग एकदम जोरात खोकला. काकूंनी न बघता डबी पुढे केली. अण्णांनी खडीसाखरेचा खडा तोंडात टाकला. पाच मिनिटांनी पुन्हा ‘फ्स्स’, खांदे, खोकला, खडा. मध्यंतरात भेळ वाटताना काकू माझ्या बायकोला म्हणाल्या, “अर्धी डबी संपली गं. इतका खोकला यांना थंडीतसुद्धा होत नाही.” हे सांगताना काकूंचा चेहरा इतका सरळ होता की त्यांना काय कळलंय आणि काय नाही, ते मला आजवर समजलेलं नाही.

मध्यंतर संपलं. चादर वाऱ्याने फुगत होती, त्यामुळे सौरभ शुक्लांचे तपस्वी महाराज, म्हणजे पीकेचं लॉकेट ज्यांच्याकडे असतं ते बाबा, मध्येच आणखी जाड व्हायचे. या पडद्याखालच्या स्लॅबबद्दल जाता जाता सांगतो. त्याच्या बरोबर खाली माझी बेडरूम. गेल्या पावसाळ्यात तिथे दोन बादल्या आणि एक परात लावून आम्ही झोपलो. जूनमध्ये लेखी अर्ज दिला, जुलैमध्ये फोटो जोडून स्मरणपत्र. त्यावर आजतागायत साधी पोच नाही. कमिटी म्हणते, विषय पुढच्या सभेत. हसण्याचा विषय मात्र रात्रीतून निकाली निघतो, टाइप होतो, शिक्का बसतो आणि सकाळी सहाला टाचणीने लागतो. उद्यापासून गळतीचा अर्ज हसत हसत द्यावा काय?

असो. मग तो प्रसंग आला. पीके थपडांपासून वाचण्यासाठी दोन्ही गालांवर देवांचे स्टिकर चिकटवतो. देवावर हात कोण उचलणार?

इथे आमच्या जिन्याची माहिती दिली पाहिजे. जिन्याच्या प्रत्येक वळणावर, कोपऱ्यात, जमिनीपासून फूटभर उंचीवर टाइल्स आहेत: गणपती, साईबाबा, लक्ष्मी, क्रूस, काबा. कुणावर अन्याय नको म्हणून मजल्यागणिक क्रम बदलतो. पान खाऊन पिचकारी मारणाऱ्यांवर हा उपाय अण्णांनी शोधला आणि राबवला. त्याआधी ‘येथे थुंकू नये’ लिहून झालं होतं. लोकांना त्यामुळे जागा सापडायला सोपी गेली.

तर गालावर स्टिकर दिसला आणि गच्चीवरची साठ-सत्तर डोकी एकदम डावीकडे वळली. अण्णांकडे. आणि अण्णा, सर्वांच्या आधी, खोकल्याची वाट न पाहता, तोंड उघडून, मोकळे, मांडीवर थाप मारून हसत होते. वही खाली पडली होती. पेनचा दिवा त्यांच्या हनुवटीवर पडला होता.

सगळे आपल्याकडे बघताहेत हे त्यांच्या लक्षात यायला तीनेक सेकंद लागले असतील. मग तोंड मिटलं. त्यांनी वही उचलली, चष्मा पुसला आणि माझ्याकडे वळून अत्यंत थंड आवाजात विचारलं, “हा पिक्चर कधीचा?”

“२०१४ चा.”

“महिना?”

“डिसेंबर.”

“आपल्या टाइल्स मे २०११ च्या आहेत.”

“बरं.”

“बिल आहे माझ्याकडे. चोरलंय हे.”

“अण्णा, ते स्टिकर आहेत. आपल्या टाइल्स आहेत.”

“कल्पना तीच ना? आमच्या डोक्यातून निघालेली. यांनी उचलली आणि वर तिची थट्टा केली. एक रुपया दिला का सोसायटीला?”

“पण भावना दुखावल्याचं जे म्हणत होतात...”

“ते आहेच. हे त्याच्या जोडीला.”

मागून शुक् शुक् सुरू झालं. म्हणजे मी गप्प बसायचं. ते सचिव आहेत. आणि मला पुन्हा हसू फुटलं. अण्णांनी माझ्याकडे पाहत, पेन टोकदार धरून, सावकाश लिहिलं: ‘१७’. मग पाण्याचा पंप चालू करायचा आहे म्हणून उठले आणि शेवटचा अर्धा तास फिरकले नाहीत.

नोटिशीत त्यांच्या स्वतःच्या हसण्याचा उल्लेख नाही. साठ-सत्तर लोक हसले, त्यांचाही नाही. मोजला गेलो एकटा मी, कारण मोजायला मी हाताशी होतो. जिना चढताना चीड आली ती याची. दुसऱ्या वळणावर थांबलो. लक्ष्मी आणि साईबाबांच्या मधल्या चार इंचांच्या पट्टीत एक ताजी, ओली, लाल पिचकारी होती. दोन्ही टाइल्सना थेंबही लागलेला नाही. इतका नेम आणि इतकी श्रद्धा एकाच माणसात!

संध्याकाळी खुलासा घेऊन १०१ ची बेल वाजवली. मी लिहिलं होतं की उपरोक्त हसणे अनवधानाने घडले असून पुनरावृत्ती टाळण्याचा प्रयत्न केला जाईल, आणि जोडपत्र म्हणून गळतीच्या अर्जाची प्रत. अण्णांनी पहिला कागद वाचला. जोडपत्र न वाचता परत दिलं. मग आत स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली, दार जरा ओढून घेतलं आणि आवाज खाली आणला.

“तो शेवटी परत जातो का हो? त्याच्या ग्रहावर?”

“जातो.”

“आणि ते लॉकेट?”

“मिळतं.”

“त्या महाराजाकडून?”

“हो.”

त्यांच्या नाकातून ‘फ्स्स’ आलं. मी वाट पाहिली. खोकला आला, तोही रीतसर.

“खुलासा दोन प्रतींत लागतो,” अण्णा म्हणाले. “झेरॉक्स चालणार नाही.”