‘विश्वास कमी पडला म्हणून बरा झाला नाहीस’: त्या संदेशाला उत्तर

‘देव विश्वासू आहे’ असे शीर्षक असलेला एक लांबलचक संदेश सध्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. त्यातले दावे थोडक्यात असे. पवित्र शास्त्रात ‘भिऊ नको’ ३६५ वेळा आहे, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक. यिर्मया २९:११, म्हणजे ‘तुमच्या हिताचे संकल्प मी जाणतो’ या अर्थाचे वचन, हे या वर्षीच्या तुझ्या भरभराटीचे आहे. वचन तोंडाने बोलून हक्काने मागितले की देवाला ते द्यावेच लागते. आजार गेला नाही तर तुझा विश्वास कमी पडला, आणि औषध चालू ठेवणे हीच अविश्वासाची खूण. दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) दे, दसपट परत येईल. आणि शेवटी, एकवीस जणांना पाठव.

शीर्षक खरे आहे. त्याखालचा मजकूर मात्र आता जवळच्या एका आजारी माणसाच्या फोनवर पोचला आहे, म्हणून लिहिणे भाग आहे.

३६५ चे आधी उरकून टाकतो. शब्दसूची घेऊन मोजा. ‘भिऊ नको’, ‘भिऊ नका’, ‘घाबरू नका’ असे सगळे प्रकार धरले तरी आकडा ३६५ च्या जवळपासही जात नाही. शिवाय त्यातले प्रत्येक वाक्य देवाचे नाही. शास्ते ४:१८ मध्ये याएल नावाची स्त्री पळून आलेल्या सीसरा सेनापतीला ‘भिऊ नका’ म्हणून तंबूत घेते आणि तीनच ओळींनंतर त्याच्या कानशिलात मेख ठोकते. हे कोणत्या तारखेचे वचन धरायचे? इब्री वर्षही चंद्रावर चालणारे, साधारण ३५४ दिवसांचे. भीती न बाळगण्याची आज्ञा शास्त्रात पुष्कळदा आहे आणि मोलाची आहे. तिला कॅलेंडरची गरज नाही.

यिर्मया २९. या वचनावर भिंतीवरच्या पाट्या निघतात, पण अध्याय क्वचितच वाचला जातो. हे एक पत्र आहे. इ.स.पूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यहूदाच्या यखन्या राजाला आणि त्याच्याबरोबर यरुशलेमेतल्या लोकांना बाबेलास नेले. त्या बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्याने हे पत्र एलासा आणि गमऱ्या यांच्या हाती पाठवले. पत्रात काय आहे? घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा, ज्या शहरात तुम्हांला नेले त्याच शहरासाठी प्रार्थना करा. अकरावे वचन येण्याआधी दहावे येते, आणि त्यात मुदत लिहिलेली आहे: सत्तर वर्षे. चाळिशीतल्या माणसाने ते पत्र ऐकले असेल तर आपण परत जाणार नाही, हे त्याला त्याच क्षणी कळले असेल. मराठी शास्त्रात देव त्यांना ‘तुम्ही’ म्हणतो, म्हणजे अनेकांना, एका प्रजेला. संदेशात त्याचे ‘तुझ्या’ कधी झाले, वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

‘लवकरच, याच वर्षी’ असे सांगणारा एक जण त्या काळीही होता. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा भेटतो. दोन वर्षांत सगळे परत येईल, असे त्याने मंदिरात सर्वांसमोर सांगितले आणि यिर्मयाच्या मानेवरचे लाकडी जू मोडले. यिर्मया आधी ‘आमेन’ म्हणाला, कारण तसे व्हावे असे त्यालाही वाटत होते. पण हनन्या पाचव्या महिन्यात बोलला आणि सातव्या महिन्यात मेला. इ.स.पूर्व ५३९ मध्ये बाबेलची सत्ता कोसळली आणि पारसाच्या कोरेश राजाने लोकांना परतण्याची मोकळीक दिली. देवाने शब्द पाळला, पण तो आपल्या मुदतीने, आणि बहुतेकांच्या नातवंडांच्या हयातीत.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. जुन्या करारातली वचने आपल्याला लागूच नाहीत, असे मी म्हणत नाही. ‘मी तुला सोडणार नाही’ हे यहोशवाला दिलेले वचन इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायात सगळ्या विश्वासणाऱ्यांना दिले आहे. पण ते कसे दिले आहे ते बघा: देवाची सोबत मिळेल, म्हणून पैशाचा लोभ धरू नका आणि जवळ आहे त्यात समाधान माना. भरभराटीचे तिथे नावही नाही.

आता आजाराचा दावा. बाकीचे दावे चुकीचे आहेत. हा माणसे मारू शकतो.

आधार म्हणून याकोब ५:१५ दिले आहे: विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. त्याच्या आधीची ओळ वाचा. दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना बोलवायचे, त्यांनी तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करायची. म्हणजे इथे प्रार्थना वडिलांची आहे आणि तिच्यातला विश्वासही त्यांचाच. या वचनावरून अंथरुणावरच्या माणसाच्या विश्वासाचे माप काढताच येत नाही. कफर्णहूमात छप्पर उसकटून पक्षाघाती माणसाला खाली सोडले, तेव्हा येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असे मार्क लिहितो. बेथेस्दा तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून असलेल्या माणसाला आपल्याला बरे करणारा कोण, हेही ठाऊक नव्हते. आणि ‘माझा अविश्वास घालवून टाका’ असे ओरडणाऱ्या बापाचा मुलगा बरा झालाच.

हो, ‘तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे’ हे येशूचेच शब्द आहेत, आणि नासरेथात लोकांच्या अविश्वासामुळे त्याने फारशी महत्कृत्ये केली नाहीत हेही लिहिलेले आहे. विश्वासाचा आणि बरे होण्याचा संबंध शास्त्रात आहे. पण बरा झाला नाही म्हणजे विश्वास नव्हता, हा उलटा हिशेब शास्त्र करत नाही. ईयोबाच्या मित्रांनी असाच हिशेब मांडला होता, आणि शेवटी देवाचा कोप ईयोबावर नाही, त्या मित्रांवर झाला.

यावर मला एकच अध्याय पुरेसा वाटतो: इब्री लोकांस पत्र, अकरावा. विश्वासवीरांची यादी म्हणून तो वाचला जातो, पण बहुतेक वेळा पस्तिसाव्या वचनाच्या अर्ध्यावर थांबवला जातो. तिथवर सिंहांची तोंडे बंद होतात, आग विझते, माणसे तलवारीच्या धारेतून निसटतात. मग त्याच वचनाच्या मध्यावर यादी वळते. दुसऱ्या काहींना फटके, बेड्या, दगडमार. काहींना करवतीने चिरले, काहींना तलवारीने मारले. चौतिसाव्या वचनात विश्वासाने तलवारीपासून सुटलेले आहेत, सदतिसाव्यात विश्वासानेच तलवारीखाली गेलेले. लेखक दोघांमध्ये फरक करत नाही. एकोणचाळिसावे वचन सांगते की या सर्वांच्या विश्वासाबद्दल चांगली साक्ष मिळाली, आणि तरी वचनानुसार मिळायचे ते त्यांना मिळाले नाही. ज्याला हा संदेश खरा वाटतो त्याने हा अध्याय आधी खोडून टाकावा.

पौलाचेही तसेच. शरीरातला काटा जावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली. उत्तर आले ते ‘माझी कृपा तुला पुरे’. काटा राहिला. त्याने आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी सोडले. तीमथ्याला पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. पौलाने या दोघांना अविश्वासू म्हटलेले नाही.

आणि औषध? मरणाला टेकलेल्या हिज्कीया राजाला देवाने यशया संदेष्ट्याच्या तोंडून वचन दिले: आणखी पंधरा वर्षे आयुष्य. इतके स्पष्ट, आकड्यासह वचन क्वचितच कोणाला मिळाले असेल. तरी यशयाने अंजिरांची चकती आणून गळवावर बांधायला सांगितली. ज्या तोंडाने वचन दिले त्याच तोंडाने पोटीस सांगितले. अशा वेळी ‘विश्वासाने’ औषध सोडायला सांगणारे काय करतात ते कळावे म्हणून लिहितो. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलिन बंद केले तर काही दिवसांत रक्तात आम्ल साचून जीव जाऊ शकतो. अपस्माराच्या गोळ्या अचानक थांबवल्या तर झटक्यामागून झटका येऊ शकतो. क्षयाची औषधे बरे वाटले म्हणून अर्ध्यावर सोडली तर उरलेले जंतू त्याच औषधांना दाद देईनासे होऊ शकतात, आणि मग धोका घरातल्या इतरांनाही असतो.

राहिला ‘देवाला द्यावेच लागते’, म्हणजे देव बांधलेला असतो, हा मुद्दा. तो बांधलेला आहे, पण कशाने? उत्पत्ती १५ मध्ये अब्राम प्राणी कापून त्यांचे अर्धे भाग समोरासमोर ठेवतो. करार करणाऱ्यांनी त्या भागांमधून चालत जायचे, म्हणजे शब्द मोडला तर आपलीही अशीच गत होवो, असा अर्थ. यिर्मया ३४:१८ वरून तो कळतो. पण मधून जाते ती धुमसणारी भट्टी आणि पेटती मशाल, आणि अब्राम गाढ झोपेत असतो. देव आपल्या शपथेने बांधला गेला, अब्रामाच्या बोलण्याने नव्हे. निघताना अब्राम पंचाहत्तर वर्षांचा होता, इसहाक झाला तेव्हा शंभराचा. देशाच्या वचनापैकी त्याच्या मालकीचे झाले ते मकपेला इथले शेत आणि त्यातली गुहा, तीही चारशे शेकेल रुपे मोजून, सारेला पुरण्यासाठी. गेथशेमानेत येशूनेही मागितले, आणि ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको’ म्हणाला.

दशमांशाचे वचन मलाखी ३ चे. तिथे भांडारात अन्न आणायला सांगितले आहे, कारण वाटा न मिळाल्याने मंदिराचे सेवक असलेले लेवी सेवा सोडून आपापल्या शेतांवर निघून गेल्याचे नहेम्या १३ सांगते. बदल्यात पाऊस आणि किडीपासून पिकाचे रक्षण. ‘दसपट’ हा शब्द तिथे नाही. तिसऱ्या वर्षाचा दशमांश तर लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांच्या पोटासाठी होता.

दयेबद्दल संदेशात एक ओळ आहे: जेवढा विश्वास तेवढी दया. परमेश्वराने आपले नाव ‘दयाळू, कृपाळू, मंदक्रोध’ असे उच्चारले ते सोन्याच्या वासराची पूजा झाल्यानंतर, दहा आज्ञांच्या पहिल्या पाट्या फुटल्यावर. त्याची दया रोज सकाळी नवी होते हे विलापगीतात आहे, आणि ते लिहिणाऱ्यासमोर जळालेले यरुशलेम आणि भुकेने रस्त्यात पडलेली मुले होती. तिथे मोजायला विश्वास कोणाकडे शिल्लक होता? दुसऱ्या तीमथ्यात पौल म्हणतो, आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो. त्याआधीच्या ओळीत नाकारणाऱ्यांसाठी कडक इशाराही आहे. तो मी लपवत नाही. पण नाकारणे वेगळे आणि आजारपणात विश्वास डगमगणे वेगळे.

हा संदेश तुम्ही पुढे पाठवला असेल तर ज्यांना पाठवला त्यांची यादी काढा. त्यांच्यात कोणी औषधांवर असेल तर आजच फोन करा, गोळ्या चालू आहेत का ते विचारा, आणि यशया ३८:२१ वाचून दाखवा.