रिमोटवर भांडण, प्लान्टरूमला कुलूप

जून २०२५मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल यांनी एसी २० अंशांच्या खाली आणि २८च्या वर नेताच येणार नाही, असा नियम आणणार असल्याचं सांगितलं. तेव्हापासून पुण्यातल्या मित्रांना फोन केला की गाडी तिथेच येते: सरकारने आमच्या रिमोटला हात का लावावा? मी मेलबर्नमध्ये इमारतींच्या वातानुकूलन आणि वीजयंत्रणेचं डिझाइन करतो. २४ अंशांवर एसी ठेवावा हे मला मान्यच आहे. पण सरकारी कचेऱ्यांची वीज खरी वाया जाते ती प्लान्टरूममध्ये, म्हणजे एसीची मोठी यंत्रं आणि पंप असतात त्या खोलीत, आणि तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

उष्णताभार, म्हणजे इमारतीतून किती उष्णता बाहेर काढावी लागेल ते, काढताना सल्लागार थोडं जास्त धरतो, उन्हाळ्यात साहेबांची तक्रार नको म्हणून. सरकारी खातं त्यावर आणखी थोडं चढवतं. एसीचं थंड पाणी इमारतीत फिरवणारा पंप पुरवठादार देतो तो वरच्या साइझचा. शेवटी पाणी इतकं जास्त होतं की व्हॉल्व्ह अर्धा आवळावा लागतो, आणि मोटर मात्र पूर्ण वेगाने फिरत राहते. तिथे व्हीएफडीने, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाने, वेग ८० टक्क्यांवर आणला तर वीज जवळपास निम्मी लागते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात उतरते. व्हीएफडी निविदेत असतोही. पण तो मॅन्युअलवर, ५० हर्ट्झला म्हणजे पूर्ण वेगावर अडकवून ठेवला तर असून नसल्यासारखाच.

ऑस्ट्रेलियात इमारतींच्या वीजवापराला तारे देणारी नॅबर्स नावाची पद्धत आहे. हे तारे मिळतात ते बारा महिन्यांच्या प्रत्यक्ष मीटर नोंदींवर, आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा मिळवावे लागतात. हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठं ऑफिस विकताना, भाड्याने देताना ते जाहीर करणं कायद्याने बंधनकारक आहे. मग मालक स्वतः प्लान्टरूममध्ये उतरतो.

नुसती नक्कल मात्र नको. मेलबर्न महापालिकेच्या २००६च्या ‘कौन्सिल हाउस २’मध्ये रात्री खिडक्या आपोआप उघडतात आणि बाहेरची गार हवा काँक्रीटचं लहरदार छत थंड करते. मला ही इमारत फार आवडते. पण मुंबईत मे महिन्यातली रात्रही उकाड्याची आणि दमट. तिथे ही युक्ती चालणार नाही. पुणे-नाशिकला फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्रीचा पारा चांगला उतरतो, तिथे जरूर करून बघावं.

ज्ञानाची आपल्याकडे वानवा नाही. दिल्लीच्या इंदिरा पर्यावरण भवनात २०१४पासून चिल्ड बीम, म्हणजे थंड पाणी खेळवून खोली गार करणाऱ्या छतातल्या पट्ट्या, आहेत. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो २००९पासून ऑफिस इमारतींना वर्षभरात दर चौरस मीटरला लागलेल्या युनिटांवर तारे देतो. फक्त ते ऐच्छिक आहे. निदान सरकारी इमारतींना तरी ते सक्तीचं करा.

आणि नव्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या निविदेत दोन कलमं घाला. चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारं यंत्र), पंप, पंखे, दिवे यांना वेगवेगळे मीटर हवेत. ठेकेदाराच्या बिलातली काही रक्कम वर्षभराच्या नोंदी तपासल्यावरच सोडावी. खर्च वाढेल म्हणणाऱ्यांनी एका मीटरची आणि एका चिलरची किंमत शेजारी शेजारी लिहून बघावी.