होम, हिरवा!

माझे बाबा भुसावळला रेल्वेत ड्रायव्हर होते. आता त्या पदाला लोको पायलट म्हणतात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आजही मी गाडी चालवत असले आणि ते शेजारी बसलेले असले, की चौकातला सिग्नल दिसताच मोठ्यानं म्हणतात, "हिरवा!" आणि मी "हिरवा" म्हणेपर्यंत माझ्याकडे बघत राहतात. इंजिनात दोघं असतात, सिग्नल दोघांनाही दिसत असतो, तरी एकानं हात करून पुकारायचं, "होम, हिरवा!" (होम म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीचा सिग्नल) आणि दुसऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघून तेच परत म्हणायचं. रात्रभर. तोच सिग्नल आजवर शंभरदा हिरवा मिळाला असला तरी.

हे आज लिहायचं कारण म्हणजे परवा एका गप्पांत विमान अपघाताचा विषय निघाला आणि एकजण पटकन म्हणाला, "पायलटची चूक होती." झालं, विषय संपला. मला हे दोन शब्द ऐकले की फार अस्वस्थ व्हायला होतं. चूक दिसते शेवटच्या मिनिटात, पण ती मुरत आलेली असते कित्येक महिने.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्डला ३१ मे २०१४ च्या रात्री एक खासगी गल्फस्ट्रीम जेट उड्डाणासाठी धावपट्टीवर धावलं आणि उडालंच नाही. विमान उभं असताना वाऱ्यानं त्याचे हलते भाग आपटू नयेत म्हणून ते एका खटक्यानं जखडून ठेवतात. त्याला गस्ट लॉक म्हणतात. इंजिन सुरू करण्याआधी तो काढायचा असतो. तो काढलाच नव्हता. वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास गेला, तेव्हा कॅप्टन "लॉक लागलंय, लॉक लागलंय" असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. विमान धावपट्टी ओलांडून कुंपण तोडून ओढ्याच्या घळीत गेलं, पेटलं. आतली सातही माणसं गेली.

आता खरी गोष्ट. उड्डाणाआधी कंट्रोल पूर्ण पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे फिरवून बघायचे असतात. काही सेकंदांचं काम. तेवढं केलं असतं तरी कंट्रोल हलत नाहीत हे जागच्या जागी कळलं असतं. तपास करणाऱ्यांनी विमानातल्या यंत्रावरची जुनी नोंद काढून पाहिली. आधीच्या १७५ उड्डाणांपैकी ही तपासणी पूर्ण झाली होती फक्त दोन वेळा. दोन! म्हणजे १७३ वेळा ती टाळली किंवा अर्धवट सोडली, आणि १७३ वेळा काहीच झालं नाही. दोघेही हजारो तास उडालेले, वर्षानुवर्षं एकमेकांबरोबर उडणारे. त्या रात्रीच्या रेकॉर्डिंगमध्ये चेकलिस्ट मोठ्यानं वाचल्याचा आवाजच नाही. एकमेकांवर इतका विश्वास, की पुकारायचं कशाला?

विमानाच्या रचनेतही खोट होती, हेही सांगायला हवं. लॉक लागलेलं असताना थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा, जेमतेम थोडा पुढे जायला हवा होता, तो बराच पुढे गेला. अहवालात ते स्पष्ट आहे.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. वैमानिकांची चेकलिस्ट रूढ झाली तीच मुळी याच खटक्यामुळे. ३० ऑक्टोबर १९३५ ला ओहायोत बोइंगचं नवं बॉम्बर विमान चाचणीच्या उड्डाणात कोसळलं, दोघं गेले. गस्ट लॉक काढायचा राहिला होता. विमान चालवणारे लष्करातले निष्णात. त्यानंतर ठरलं की आठवणीवर विसंबायचं नाही, यादी हातात धरायची. त्याला ७९ वर्षं होत असताना तोच खटका तसाच राहावा!

आणि नुसतं बोलूनही भागत नाही. मंगळूरचा अपघात आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. २२ मे २०१०, दुबईहून आलेलं विमान, १५८ मृत्यू, आठ जण वाचले. चौकशीचे प्रमुख होते निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. कॅप्टन प्रवासात दीड तासाहून जास्त झोपलेला होता, हे रेकॉर्डिंगवरून कळलं. विमान हवं त्यापेक्षा खूप उंचावरून उतरत होतं. सहवैमानिक तीनदा म्हणाला, "गो अराउंड." म्हणजे उतरू नका, वर घ्या, फेरी मारून परत येऊ. यंत्रही ओरडत होतं. तरी सुमारे ८,००० फुटांच्या धावपट्टीवर चाकं टेकली ती ५,२०० फूट पुढे जाऊन.

तीनदा सांगूनही सहवैमानिकानं विमान स्वतःच्या हातात का घेतलं नाही, असं विचारणारे आहेत. त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. वरिष्ठ शेजारी बसलेला असताना तोंडातून "नको" निघणंच किती कठीण असतं, हे आपल्या घरांत आणि ऑफिसांत वाढलेल्या माणसाला सांगायला नको. बाबांच्या इंजिनात काल लागलेला असिस्टंटही "लाल!" म्हणाला, तर हात आधी ब्रेककडे जायचा. कोण म्हणालं ते नंतर बघायचं.

प्रवासी म्हणून आपल्यालाही या "गो अराउंड"ची सवय लावून घ्यावी लागेल. गेल्या जुलैत मुंबईत उतरताना पावसात आमचं विमान अगदी खाली आलं, खिडकीतून झोपड्यांवरची निळी ताडपत्री दिसायला लागली, आणि एकदम इंजिनांचा आवाज वाढून ते परत वर गेलं. मागच्या रांगेत लगेच सुरू झालं, "उतरवता येत नाही का याला? माझी पुढची गाडी चुकणार." वीस-पंचवीस मिनिटांनी दुसऱ्या खेपेला नीट उतरलो. बाहेर पडताना कॉकपिटचं दार उघडं होतं. दोघांत धाकटी दिसणारी पायलट कागदावर काही लिहीत होती. मी थांबून म्हटलं, "वर घेतलंत, बरं केलंत." ती क्षणभर बघत राहिली, मग शेजारच्या कॅप्टनकडे बोट दाखवून म्हणाली, "मी म्हटलं, आणि सरांनी लगेच घेतलं."

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. त्यांनी तिचं वाक्य दोनदा म्हणायला लावलं.