देवळं ओसाड नव्हती

1850 च्या सुमाराचे इजिप्तचे फोटो सारखे शेअर होतात आणि सोबत ठरलेला मजकूर येतो: ‘बघा, ही देवळं निर्मनुष्य होती, हजारो वर्षं जशीच्या तशी पडून होती. स्थानिकांनी ती सोडून दिली, युरोपियनांनी वाचवली.’ फोटो खरे आहेत, मजकूर चुकीचा आहे.

निर्मनुष्य? फ्रेंच फोटोग्राफर मॅक्सिम द्यू कां लेखक फ्लोबेअरसोबत 1849 मध्ये इजिप्तला पोचला. कागदी निगेटिव्हवर एका फोटोला दोनेक मिनिटं लागत. तेवढ्यात कोणी चालत गेलं तर ते उमटतच नसे. उमटला तो हाजी इस्माईल, द्यू कांच्या नावेवरचा न्युबियन खलाशी. मूर्ती किती उंच आहे ते कळावं म्हणून त्याला तिच्यावर चढवत. कॅमेऱ्याची पितळी नळी म्हणजे तोफ आहे, हललास तर उडेल, अशी भीती त्याला घातली होती. हे खुद्द द्यू कांने लिहून ठेवलंय, आणि ते वाचताना आजही संताप येतो. एका जिवंत माणसाची मोजपट्टी केली, आणि आपण म्हणायचं की तिथे कोणी नव्हतं!

सोडून दिली? लक्सरच्या देवळात तर अख्खी वस्ती होती. घरं होती, कबुतरखाने होते, अबू हज्जाज या सूफी संताची मशीद होती. घरं हटवायला सुरुवात झाली ती 1880 च्या दशकात, फ्रेंच पुरातत्त्वज्ञ मास्पेरोच्या देखरेखीखाली. मशीद अजून तिथेच आहे. एडफूच्या देवळाच्या तर छतावर घरं होती.

जशीच्या तशी? अबू सिंबलच्या देवळाच्या दारातली वाळू इटालियन शोधक बेल्झोनीने 1817 मध्येच उपसली होती. लक्सरच्या दोन ओबेलिस्कपैकी (एकसंध दगडाचे उंच, टोकदार स्तंभ) एक 1836 पासून पॅरिसच्या चौकात उभा आहे, म्हणजे फोटोग्राफीचा शोध जाहीर होण्याच्याही तीन वर्षं आधी. त्यामुळे जुन्यातल्या जुन्या फोटोतही तिथे एकच ओबेलिस्क दिसतो.

आणि वाचवली म्हणाल, तर देंदेराच्या देवळातलं, छतावर कोरलेलं राशिचक्र आठवा. 1821 मध्ये एका फ्रेंच माणसाने पाठवलेल्या कारागिराने ते करवत आणि सुरुंगाची दारू वापरून कापून काढलं. आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

तरी हे फोटो जपायलाच हवेत. अरमंतचं छोटं देऊळ द्यू कांने टिपलं, नंतर इंग्रज फ्रान्सिस फ्रिथनेही. 1860 च्या दशकात साखर कारखान्याच्या बांधकामासाठी ते पाडलं गेलं. या वेळी पाडणारे इजिप्तमधलेच होते, हेही सांगायला हवं.